फॉरमॅटनंतरचे दोन दिवस: एक्सपी मशीनवरच्या फाइली परत मिळवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

घरून भाषांतराचं काम करणाऱ्या एका बाईंचा डेस्कटॉप. विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक ३, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) हार्ड डिस्क. विंडोज ही डिस्क ७४.५ जीबी दाखवतं. त्यातले २० जीबी सी आणि उरलेले डी, दोन्ही एनटीएफएस या फाइल सिस्टिमचे, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या विंडोजच्या पद्धतीचे. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. तरी हे मशीन चालू होतं, कारण बाईंचा जुना शब्दकोश आणि प्रिंटर दोन्ही एक्सपीवरच चालायचे. नवी मेल फोनवर यायची, पण दहा वर्षांचा जुना पत्रव्यवहार आउटलुक एक्सप्रेसमध्येच होता.

दोन महिने मशीन रडतखडत चाललं होतं. सुरू व्हायला सात मिनिटं लागायची. वर्ड उघडताना माउसचा बाण जागच्या जागी अडकायचा आणि डिस्कचा लाल दिवा विझायचाच नाही. भाच्याने पाहिलं, व्हायरस असणार असं ठरवलं आणि फॉरमॅट मारायचं ठरलं.

पुढचं सगळं ज्याच्यावर अवलंबून होतं ते संभाषण दोन वाक्यांचं होतं.

"मावशी, तुमचं सगळं डीमध्येच आहे ना?"

"हो रे, डीमध्येच."

दोघंही खरंच बोलत होते. बाईंच्या लेखी 'डी' म्हणजे फोटो, गाणी आणि जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ. रोजचं काम त्या डेस्कटॉपवर ठेवायच्या, आणि डेस्कटॉप हा त्यांच्या लेखी ड्राइव्ह नव्हताच, ती समोर दिसणारी स्क्रीन होती. एक्सपीत डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स आणि आउटलुक एक्सप्रेसची मेल हे सगळं सी ड्राइव्हवरच्या डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज या फोल्डरात असतं. मेल तर त्यातही लोकल सेटिंग्ज या लपवलेल्या फोल्डरात, म्हणजे सहज शोधलं तरी डोळ्यांना दिसणार नाही अशा जागी.

अडचण

पहिल्या संध्याकाळी एक्सपीच्या सीडीवरून सी फॉरमॅट झाला. सेटअपमध्ये क्विक आणि साधा असे दोन पर्याय येतात, त्यातला साधा म्हणजे पूर्ण फॉरमॅट निवडला. अशी डिस्क धडधाकट असेल तर २० जीबी वाचून व्हायला दहा-बारा मिनिटं पुरतात. इथे पस्तीस मिनिटं लागली आणि टक्केवारी १४ वर बराच वेळ थांबून राहिली. ही पहिली खूण होती. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर, ऑफिस, अँटिव्हायरस, प्रिंटर असं सगळं टाकून झालं. मशीन पळायला लागलं, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी विचारलं, "माझा शब्दसंग्रह कुठे गेला?" शब्दसंग्रह म्हणजे अकरा हजार ओळींची एक्सेल फाइल, नऊ वर्षांत जमवलेले प्रतिशब्द. शेवटची भर फॉरमॅटच्या आदल्या दिवशी घातलेली.

तोवर सीवर ४.१ जीबी नवं लिहून झालं होतं. एका जाणकाराने फोनवरच सांगितलं, "पूर्ण फॉरमॅट केलाय, म्हणजे सगळं पुसलं गेलं. नाद सोडा." हे विधान अर्धं खरं आहे, आणि इथे नेमकं खोटं ठरलं.

पूर्ण फॉरमॅट म्हणजे काय, हे विंडोज कोणतं त्यावर ठरतं. एक्सपीचा पूर्ण फॉरमॅट फाइल सिस्टिमचा नवा सांगाडा लिहितो आणि मग सगळे सेक्टर (डिस्कवरचे ५१२ बाइटचे कप्पे) नुसते वाचून खराब कोणते ते शोधतो. जुना मजकूर तो पुसत नाही. क्विक आणि पूर्ण यांत फरक एवढाच, की एकात ही वाचणी असते आणि दुसऱ्यात नसते. व्हिस्टापासून हे बदललं. तिथून पुढे पूर्ण फॉरमॅट प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितो, आणि मग खरोखर काही उरत नाही. फोनवरचा सल्ला व्हिस्टानंतरच्या मशीनला लागू होता.

म्हणजे नुकसान फॉरमॅटने फारसं केलं नव्हतं. केलं ते त्यानंतरच्या दोन दिवसांनी.

मशीन मुळात मंद का होतं?

हे फॉरमॅटच्या आधी विचारायला हवं होतं, विचारलं गेलं नंतर. स्मार्ट आकडे, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेल्या आपल्या प्रकृतीच्या नोंदी, वाचले तेव्हा उत्तर समोर आलं: बदललेले सेक्टर १२, प्रलंबित सेक्टर ३८, केबलच्या चुकांचा आकडा शून्य. प्रलंबित म्हणजे डिस्कला जे वाचता येत नाहीत, पण अजून बदलूनही टाकलेले नाहीत असे सेक्टर. केबल चांगली आणि डिस्क आजारी, असा याचा सरळ अर्थ.

एक्सपीची यात एक खोड आहे. आयडीई डिस्ककडून वेळेत उत्तर आलं नाही किंवा डेटा चुकीचा आला, अशा चुका एकूण सहा झाल्या की ड्रायव्हर डीएमएचा (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा नेण्याच्या पद्धतीचा) वेग एक पायरी खाली आणतो, आणि असं करत करत शेवटी पीआयओवर येतो. पीआयओत प्रत्येक बाइट प्रोसेसर स्वतः उचलून नेतो, म्हणून डिस्क चालू असताना माउससुद्धा अडकतो. बाईंच्या मशीनचं लक्षण हुबेहूब हेच. जुन्या विंडोजचा लॉग फॉरमॅटमध्ये गेला, त्यामुळे हे अनुमानच म्हणायला हवं. पण नव्या विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत दोनच दिवसांत 'डिस्क' या नावाखाली क्रमांक ७ च्या चार नोंदी जमल्या होत्या. क्रमांक ७ म्हणजे खराब ब्लॉक.

विंडोज नव्याने टाकलं की हा खाली आणलेला वेग विसरला जातो आणि डिस्क पुन्हा पूर्ण डीएमएवर धावते. म्हणून फॉरमॅटनंतर मशीन खरंच पळायला लागतं आणि फॉरमॅटनेच रोग गेला अशी सगळ्यांची खात्री पटते. रोग तिथेच असतो. सहा चुका पुन्हा भरायचा अवकाश.

पर्याय

मशीन चालूच होतं, आणि समोर चार वाटा होत्या.

त्याच मशीनवर फाइल परत आणणारं सॉफ्टवेअर उतरवून चालवायचं, ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट. सॉफ्टवेअर सीवरच बसणार, स्कॅनच्या तात्पुरत्या फाइली सीवरच पडणार, आणि ज्या जागेतून शोधायचं तीच जागा भरत जाणार. नुसतं ब्राउझर उघडून शोधत बसलं तरी कॅशेच्या शेकडो छोट्या फाइली लिहिल्या जातात. ही वाट लगेच सोडली.

सिस्टिम रिस्टोर वापरून मागे जाण्याचा विचार भाच्याच्या मनात होता. नव्या विंडोजकडे जुन्या विंडोजचे रिस्टोर पॉइंट नसतात, आणि एक्सपीतलं रिस्टोर तसंही डॉक्युमेंट्सना हात लावत नाही. डॉसच्या काळात अनफॉरमॅट नावाची कमांड होती म्हणून अनेक जण तीही शोधतात. ती फॅट या जुन्या फाइल सिस्टिमसाठी होती आणि तेव्हाही अटी बऱ्याच होत्या.

तिसरी वाट प्रयोगशाळेची. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, ती फिरतच नसेल किंवा बायोसला (मशीन सुरू होताना डिस्क ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला) दिसत नसेल, तर घरी काहीही करू नये. तिथे हीच एक वाट. इथे डिस्क शांत होती, बायोसमध्ये नाव आणि आकार बरोबर येत होते, आणि ३८ प्रलंबित सेक्टर म्हणजे जेमतेम १९ केबी. म्हणून चौथी वाट धरली: डिस्क बाहेर काढायची, तिची सेक्टरशः इमेज (एका फाइलीत हुबेहूब प्रत) काढायची, आणि सगळा शोध त्या इमेजवर घ्यायचा.

एक बारीक निर्णय इथेच होता. मशीन नेहमीसारखं बंद करायचं की वायर ओढायची? बंद करताना एक्सपी रजिस्ट्री आणि लॉग लिहितं, आणि अँटिव्हायरसही जाताजाता काहीतरी लिहून जातो. नव्या विंडोजमध्ये जपण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून वायर ओढली. वीज गेली की डिस्कचं हेड आपणहून बाजूला जातं, त्याने पृष्ठभागाला धोका नसतो. चालू विंडोजमध्ये मोलाची उघडी फाइल असती तर हा निर्णय वेगळा झाला असता.

इमेज काढताना

डिस्क दुसऱ्या मशीनच्या मदरबोर्डला थेट आयडीई केबलने जोडली. ऐंशी तारांची केबल, जंपर मास्टरवर, त्या केबलवर दुसरं काही नाही. यूएसबीचा अडॅप्टर हाताशी होता, तो मुद्दाम टाळला. असे बरेच अडॅप्टर स्मार्ट आकडे पुढे पोचवत नाहीत, आणि खराब सेक्टर आला की जोडणीच तोडतात. मग इमेज मध्येच लटकते.

त्या मशीनवरचं विंडोजही सुरू केलं नाही. विंडोजला नवी डिस्क दिसली की ते न विचारता तिला ड्राइव्हचं अक्षर देतं, तिच्यावर सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशनचं फोल्डर तयार करतं, आणि फाइल सिस्टिम खटकली तर सुरू होतानाच चेकडिस्क चालवायला घेतं. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं. फाइली वाचवणं हे त्याचं काम नाही, तुटक्या नोंदी तो बेलाशक कापतो आणि तुकडे फाउंड डॉट शून्यशून्यशून्य नावाच्या फोल्डरात टाकतो. म्हणून सीडीवरून लिनक्स सुरू केलं. तिथेही डेस्कटॉपवर दिसणाऱ्या डिस्कच्या चित्रावर क्लिक करायचं नाही, कारण त्याने ती माउंट होते, म्हणजे वापरासाठी उघडते आणि तिच्यावर लिहिलं जाऊ शकतं.

साधन जीएनयू डीडीरेस्क्यू. याच नावाचा, मध्ये एक अंडरस्कोर असलेला वेगळा प्रोग्रॅमही आहे आणि त्याचे पर्याय वेगळे आहेत, तेव्हा कमांड कुठून उतरवून घेतोय ते पाहावं. डीडीरेस्क्यू चांगला भाग आधी उचलतो, अडलेला भाग सोडून पुढे जातो, आणि कुठे काय राहिलं ते मॅप फाइलमध्ये लिहितो. मॅप फाइल दिली नाही तर त्याचा अर्धा उपयोग गेला, कारण वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

नुसत्या सीची इमेज पुरेल का, यावर थोडी चर्चा झाली. डी शाबूत होता, पण त्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती आणि डिस्क तर तीच मरणपंथाला लागलेली. म्हणून पूर्ण डिस्क घेतली.

आणि मग पहिली चूक झाली. इमेज ज्या बाहेरच्या ५०० जीबी डिस्कवर उतरवायची होती, ती विकत आली तशीच फॅट३२ होती. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, त्यामुळे इमेज ४ जीबीला थांबली. ती डिस्क रिकामी करून, एनटीएफएस करून काम पुन्हा सुरू केलं. सुदैवाने आजारी डिस्कवरचा ताण फक्त ४ जीबी वाचण्याएवढाच वाढला. दुसऱ्यांदा कमांड देताना कोणती डिस्क स्रोत आणि कोणती लक्ष्य, हे मॉडेल क्रमांक आणि आकार पाहून दोघांनी तपासलं. लिनक्समध्ये डिस्कची अक्षरं जोडणी बदलली की बदलू शकतात. ही अदलाबदल झाली तर रिकाम्या डिस्कची इमेज भरलेल्या डिस्कवर जाते.

पहिली फेरी खरवडण्याची (अडलेला भाग एकेक सेक्टर करून वाचण्याची) पायरी वगळून: सुमारे पाऊण तास, १.६ एमबी सोडून सगळं आलं. दुसरी फेरी तीन पुनर्प्रयत्न देऊन: दोन तास, आणि शेवटी ११ सेक्टर राहिले, म्हणजे साडेपाच केबी. बहुतेक सगळे सीच्या सुरुवातीपासून २.८ जीबीच्या आसपास. फॉरमॅटची टक्केवारी १४ वर अडकली होती ती हीच जागा.

इमेज फाइल लगेच फक्त-वाचनीय केली. आजारी डिस्कची गरज इथे संपली.

फाइली शोधताना

स्कॅनआधी बाईंना कागद दिला आणि हव्यातच अशा गोष्टी लिहायला सांगितल्या: नाव आठवेल तसं, कोणत्या प्रोग्रॅमची, साधारण कधीची. चौतीस ओळींची यादी झाली. हजारो फाइलींच्या ढिगात काम कधी संपलं हे ठरवायला अशी यादी लागते. फाइलींची नावं हिरव्या अक्षरांत दिसायची का, हेही विचारून घेतलं. हिरवी म्हणजे ईएफएसने एन्क्रिप्ट केलेली. त्यांची किल्ली जुन्या विंडोजच्या खात्यासोबत जाते, आणि किल्लीशिवाय फाइल परत मिळूनही कचराच. बाईंनी ते कधी वापरलं नव्हतं.

एनटीएफएसमध्ये प्रत्येक फाइलची एक नोंद मास्टर फाइल टेबलात असते. एक नोंद १ केबीची. तीत नाव, तारखा, आईफोल्डरचा (ज्या फोल्डरात फाइल आहे त्याचा) क्रमांक आणि मजकूर कोणत्या क्लस्टरांवर (सेक्टरांच्या गठ्ठ्यांवर) आहे त्याची यादी. एक्सपी हे टेबल अशा व्हॉल्यूमवर ७८६४३२ व्या क्लस्टरपासून सुरू करतं. ४ केबीचा क्लस्टर धरला तर बरोबर ३ जीबीवर. म्हणजे तोच आकार, तेच विंडोज, तोच फॉरमॅट असेल तर नवं टेबल जुन्याच्या अगदी डोक्यावर बसतं.

ऐकायला वाईट वाटतं, पण नवं टेबल सुरुवातीला अगदी छोटं असतं आणि फाइली वाढतील तसं वाढतं. जुन्या टेबलात सुमारे ६१ हजार नोंदी होत्या. दोन दिवसांच्या नव्या विंडोजने आणि ऑफिसने वापरल्या १३,८०० च्या आसपास. त्या मुख्यतः जुन्या विंडोजच्या स्वतःच्या फाइलींच्या नोंदींवर बसल्या, कारण जुनं विंडोजही सुरुवातीला त्याच क्रमाने टाकलेलं. पुढच्या सत्तेचाळीस हजार जुन्या नोंदी तशाच पडून होत्या.

टेस्टडिस्क इथे अपुरा पडतो. तो सध्याच्या टेबलातल्या काढून टाकलेल्या फाइली दाखवतो, आणि सध्याचं टेबल तर १३,८०० वर संपतं. डीएमडीई, आर-स्टुडिओ, गेटडेटाबॅक यांसारखी साधनं पूर्ण व्हॉल्यूम चाळून सुट्या नोंदी शोधतात आणि त्यांचं झाड जोडतात. इथे डीएमडीई वापरलं. बाईंच्या कामाच्या प्रकारांपुरतं गाळल्यावर नावासकट ५,१४० फाइली दिसल्या.

झाडाचा बुंधा मात्र गायब होता. डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज आणि त्यातलं बाईंच्या नावाचं फोल्डर हे विंडोज टाकतानाच बनलेले, म्हणजे कमी क्रमांकाचे, आणि नेमके ते क्रमांक नव्याने वापरले गेले होते. मग जुनी फाइल आईचा क्रमांक सांगते आणि त्या क्रमांकावर आता कोणीतरी दुसरंच राहत असतं. एका कराराचं भाषांतर प्रिंटर ड्रायव्हरच्या फोल्डरात दिसलं ते यामुळे. फोल्डरावर विश्वास न ठेवता नाव, प्रकार आणि तारखेवरून शोधणं इथे जास्त भरवशाचं ठरलं.

नाव मिळालं म्हणजे फाइल मिळाली असं नाही. नोंद शाबूत आणि तिने दाखवलेल्या क्लस्टरवर मात्र आता अँटिव्हायरसची फाइल, असं सर्रास होतं. म्हणून प्रत्येक फाइलीचे पहिले बाइट तपासले. जेपेग एफएफ-डी८-एफएफ ने सुरू व्हायलाच हवी. जुनी वर्ड आणि एक्सेल दोन्ही डी०-सीएफ-११-ई० ने. ३१२ फाइली इथेच बाद झाल्या, पुढे उघडून पाहताना आणखी ४७ गेल्या. उरल्या ४,७८१.

शब्दसंग्रह त्यांत नव्हता. याचं कारण समजायला वेळ लागला. एक्सेल सेव्ह करताना जुन्या फाइलीवर लिहीत नाही. ती आधी एक तात्पुरती फाइल नव्याने लिहिते, मग जुनी काढून नवीला तिचं नाव देते. दर सेव्हला नवी नोंद. आणि नव्या नोंदीसाठी एनटीएफएस सहसा टेबलातली सगळ्यात कमी क्रमांकाची रिकामी जागा घेतं. म्हणजे रोज हाताळलेली, सगळ्यात ताजी फाइल विंडोजच्या अपडेटने रिकाम्या केलेल्या एखाद्या कमी क्रमांकावर जाऊन बसलेली असते, आणि फॉरमॅटनंतर पहिला घाव तिथेच पडतो. चार वर्षं न उघडलेली पत्रं सुखरूप आणि कालची फाइल गायब, हे उफराटं चित्र यातून येतं.

त्याच सवयीने वाचवलंही. दर सेव्हला नवी प्रत नव्या जागी, म्हणजे मोकळ्या जागेत जुन्या प्रती विखुरलेल्या असणारच. फोटोरेक इमेजवर चालवला. तो टेबल बघतच नाही, सुरुवातीच्या खुणांवरून फाइली कापून काढतो. नावं जातात, एफ आणि सेक्टर क्रमांक एवढंच राहतं. २,२६० फाइली निघाल्या. हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) जुळवून दुहेरी प्रती आणि ब्राउझरची चित्रं काढल्यावर ३८८ कामाच्या.

त्यांत शब्दसंग्रह शोधायला 'प्रतिशब्द' हा मथळ्यातला शब्द घेतला. पहिल्या शोधात काहीच आलं नाही. जुन्या एक्सेल आणि वर्ड फाइलींत देवनागरी मजकूर यूटीएफ-१६ मध्ये असतो, म्हणजे अक्षरांचे बाइट यूटीएफ-८ पेक्षा वेगळ्या पद्धतीने लिहिलेले. शोधाचं साधन यूटीएफ-८ धरून चाललं होतं. एन्कोडिंग बदलल्यावर तीन फाइली हाती आल्या, तिन्ही शब्दसंग्रहाच्या वेगवेगळ्या दिवसांच्या प्रती. सगळ्यात ताजी फॉरमॅटच्या दोन आठवडे आधीची, पूर्ण उघडणारी.

मेलचं प्रकरण वेगळं. आउटलुक एक्सप्रेसमध्ये प्रत्येक फोल्डरची एक डीबीएक्स फाइल असते. इनबॉक्सची फाइल ६४० एमबी आणि वर्षानुवर्षं वाढत गेल्याने शेकडो तुकड्यांत. इतक्या तुकड्यांची यादी १ केबीच्या नोंदीत मावत नाही, मग एनटीएफएस ती जादा नोंदींमध्ये वाटतं. मुख्य नोंद सापडली, जादा नोंदींपैकी एक नव्या विंडोजखाली गेली होती. तेवढ्या तुकड्यांचे पत्ते गेले. आउटलुक एक्सप्रेस ही फाइल उघडेना, पण डीबीएक्समधून एकेक पत्र वेगळं काढणाऱ्या साधनाने सुमारे तीन चतुर्थांश पत्रं निघाली. फोटोरेकचा इथे उपयोग नव्हता, कारण कापून काढण्याची पद्धत सलग फाइलीवरच चालते.

निकाल

चौतीसपैकी २९ गोष्टी नावासकट पूर्ण मिळाल्या. तीन नावाशिवाय, त्यात दोन आठवडे जुना शब्दसंग्रह. मेल अर्धवट. एक स्कॅन केलेली मोठी पीडीएफ गेली ती गेलीच. इमेज आणि स्कॅनमध्ये मिळून पाच-सहा तास गेले असतील. बाकीचे तीन दिवस नुसत्या निवडानिवडीत गेले.

दोन आठवड्यांतले शब्द बाईंनी त्या काळात पाठवून झालेल्या भाषांतरांतून पुन्हा वेचले. मशीनला नवी डिस्क बसवली, डी इमेजमधूनच उतरवला.

वेगळं काय करता आलं असतं

मंद मशीनला हात लावण्याआधी तीन जागा पाहायच्या: स्मार्ट आकडे, इव्हेंट व्ह्यूअरमधल्या 'डिस्क' आणि 'एटीएपीआय' (आयडीईचा ड्रायव्हर) या नावांच्या नोंदी, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेलच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमधला सध्याचा ट्रान्सफर मोड. तिथे पीआयओ दिसला आणि स्मार्ट स्वच्छ असेल, तर चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन पुन्हा सुरू केलं की वेग परत येतो, फॉरमॅटची गरज नाही. स्मार्ट खराब असेल तर फॉरमॅट करूच नये, नवी डिस्क आणावी. इथे सहा-सात मिनिटांच्या पाहणीने सगळं टळलं असतं.

'तुमचं कुठे आहे' हा प्रश्न फाइलींच्या मालकाला विचारण्यात अर्थ नाही. डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज आख्खं उचलायचं, लपवलेल्या फाइली दिसतील अशी सेटिंग करून. माय डॉक्युमेंट्सचा पत्ता डीकडे वळवून ठेवणं चांगलंच, पण डेस्कटॉप आणि मेल त्यासोबत जात नाहीत, आणि लोक तिथेच फसतात.

एक्सपी नव्याने टाकायचंच असेल तर सेटअपमध्ये सध्याची फाइल सिस्टिम तशीच ठेवा हा पर्याय असतो. विंडोजचं फोल्डर नवं होतं, जुनी प्रोफाइल जागेवर राहते. त्या प्रोफाइलमध्ये शिरताना परवानगी नाकारली गेली तर मालकी घ्यावी लागते, आणि एक्सपी होममध्ये त्यासाठी सेफ मोडमध्ये जावं लागतं. जरा कटकट आहे, पण फाइली जागेवर असतात.

हेच प्रकरण विंडोज ७ वर घडलं असतं तर पूर्ण फॉरमॅटनंतर शोधायला काही उरलं नसतं. एसएसडीवर विंडोज ७ चा क्विक फॉरमॅटही बहुधा तेच करतो, कारण तो डिस्कला ट्रिम, म्हणजे ही जागा आता मोकळी असा निरोप, पाठवतो आणि डिस्क मोकळी जागा स्वतःच साफ करते. तिथे वायर ओढायला दोन दिवस नाही, काही मिनिटंही मिळत नाहीत.

जुनी डिस्क आठवड्याने पुन्हा तपासली तेव्हा प्रलंबित सेक्टर ३८ वरून ५३ वर गेले होते. ती फेकली नाही, पण परत जोडलीही नाही. इमेज फाइल मात्र तीन महिने ठेवली. सहाव्या आठवड्यात बाईंना यादीत न लिहिलेला, भाषांतर खरं असल्याच्या दाखल्याचा दोन पानी नमुना आठवला. तो ३८८ मध्येच होता, नाव नसलेला.